नदीवर नियमित जाणारा सभासद

मासे धरायला जाणे ही एक गोष्ट आहे आणि मासे धरणारा असणे ही दुसरी. ज्या समाजात या दोहोंची गल्लत होते तो समाज फार काळ टिकत नाही. आमच्या लिंडथ्वेट ट्राउट मंडळात अशी गल्लत स्थापनेपासून एकदाही झालेली नाही. यॉर्कशरच्या या खोऱ्यातला लिंड नदीचा सगळ्यात देखणा पट्टा आमच्याकडे भाडेपट्ट्याने होता, आणि सभासदांनी तो इतका जपला होता की त्यातल्या कित्येक ट्राउट माशांना माणूस नावाचा प्राणीच ठाऊक नव्हता. (ठाऊक असलाच तर पोहणारा. त्याबद्दल पुढे.)

बाहेरच्यांची समजूत अशी की गळवाला म्हणजे नदीकाठी उभा असलेला माणूस. ही समजूत बिस्किटांच्या डब्यांवरच्या चित्रांमुळे पसरली. प्रत्यक्षात नदीकाठ हा या छंदाचा अगदी किरकोळ भाग आहे. हिवाळाभर पिसं, रेशीम आणि सशाच्या कानाचे केस घेऊन गळाला लावायच्या बनावट माश्या बांधायच्या असतात. काठीवरच्या दोरीच्या चकरीला तेल द्यायचं असतं. नवी काठी जुनीपेक्षा बरी की वाईट हे ‘काळा मेंढा’ नावाच्या आमच्या पबमध्ये ठरवायचं असतं, आणि ते एका बैठकीत ठरत नाही. मग हंगाम उघडतो, आणि हवामान पाहायला सुरुवात होते. हंगामाचा बराचसा काळ हवामान पाहण्यात जातो. उरलेल्या काळात ते पाहून झालेलं असतं.

यात आमचे अध्यक्ष विल्फ्रेड आउथ्वेट यांचा हात धरणारा कोणी नव्हता. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, उंच, सावकाश बोलणारे गृहस्थ. पबच्या खिडकीतून ढगांकडे एकदा बघून ते म्हणत, “आज नाही.” त्यांचा अंदाज कधीही चुकीचा ठरला नाही, कारण तो तपासायला कोणी गेलं नाही. खोऱ्यातला सर्वोत्तम ट्राउटवाला म्हणून लोक त्यांच्याकडे बोट दाखवत. त्यांना गळ टाकताना पाहिलेला शेवटचा माणूस दोन वर्षांपूर्वी वारला. त्यामुळे हे मत आता खोडून काढणंही शक्य नव्हतं.

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना नदीकाठची जमीन वारशाने मिस फेरंड यांच्याकडे आली. या बाई पन्नाशीच्या, लंडनमध्ये नोकरी केलेल्या, आणि प्रश्न विचारण्याची सवय असलेल्या. मंडळाच्या वार्षिक जेवणात आम्ही त्यांना अध्यक्षांशेजारी बसवलं. भाजलेलं बीफ वाढून होतंय तोच त्यांनी अध्यक्षांना सहज विचारलं की आपण मासे धरायला साधारण किती वेळा जाता?

टेबलावरचे सगळे आपापल्या ताटाकडे पाहू लागले. हा प्रश्न आमच्यात कोणी कोणाला विचारत नाही. दुसऱ्याच्या पगाराबद्दल किंवा दातांबद्दल विचारावं, पण हे नाही.

“हंगामात जातो,” अध्यक्ष म्हणाले.

“हंगामात किती वेळा?”

“परिस्थिती पाहून.”

मिस फेरंड यांनी मान डोलावली आणि बटाटे घेतले. मग त्यांनी सांगितलं की गावातल्या काही बायका रोज सकाळी मंडळाच्या पट्ट्यातल्या डोहात पोहतात, जानेवारीतही, आणि भाडेपट्टा आपल्याला मिळावा असा त्यांचा अर्ज आलेला आहे. मंडळाचा भाडेपट्टा या उन्हाळ्यात संपतो. तर मी मे महिनाभर रोज सकाळी कुत्र्याला घेऊन काठाने फिरायला जाईन, नदीवर कोण असतं ते पाहीन, आणि मग ठरवीन. एवढं बोलून त्यांनी यॉर्कशर पुडिंगची तारीफ केली.

या बायका स्वतःला ‘लिंडच्या बदकिणी’ म्हणवून घेत. त्यांच्या पोहण्याने मासे बिथरतात, अशी मंडळाची जुनी तक्रार होती. (हे मासे आम्ही धरत नव्हतो, पण ते बिथरलेले नसावेत असा आमचा आग्रह होता.) बदकिणींमध्ये अध्यक्षांच्या पत्नी एनिड याही होत्या. त्यांचे केस रोज न्याहारीला ओले असतात हे विल्फ्रेड यांच्या लक्षात आलं नसावं. त्या वेळी ते खिडकीतून वारा पाहत असत.

तातडीची सभा झाली. मी सहचिटणीस असल्याने सभासदांच्या घरोघरी जाऊन नदीवर न जाण्याची कारणं गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. त्यांचं वर्गीकरण मी येथे नम्रपणे सादर करतो. निम्म्या सभासदांच्या मते पाणी फार चढलेलं असतं. निम्म्यांच्या मते फार उतरलेलं असतं. उरलेल्या निम्म्यांच्या मते पाणी ठीक असतं पण नेमका त्याच दिवशी नातवंडाचा वाढदिवस येतो. (बेरीज जुळत नाही हे मला कळतं.) आमचे चिटणीस कथबर्ट रॉ हे खाटीक. त्यांनी कमरेपर्यंतचे नवे रबरी बूट घेतले होते आणि ते दर रविवारी तळघरात घालून उभे राहत. त्यांना गळती नाही, असा त्यांचा अहवाल होता.

या सर्व कारणांवरून आदर्श दिवस कोणता हे काढता आलं: नैऋत्येचा मंद वारा, पातळ ढग, नुकताच पडून गेलेला पाऊस, घरी पाहुणे नाहीत. असा दिवस मागच्या वर्षी आलाही होता. त्याचा लाभ कसा घ्यावा हे ठरवण्यासाठी आम्ही त्या दुपारी बैठक घेतली होती.

शेवटी पाळ्या लावल्या. मेच्या पहिल्या दिवशी कथबर्ट यांची पाठ धरली. दुसऱ्या दिवशी पशुवैद्य ऑल्डरसन यांना एका गाईने बोलावून घेतलं. तिसऱ्या दिवशी माझी पाळी होती. माझं कारण अगदी रास्त होतं, त्यामुळे ते इथे देण्याची गरज नाही. मिस फेरंड रोज काठाने फिरून गेल्या. त्यांना रोज बदकिणी भेटल्या, आणि त्यांनी मिस फेरंड यांना आल्याची बिस्किटंही दिली.

आठवड्याअखेर कथबर्ट यांनी एक ठराव मांडला. अध्यक्ष जाऊ शकत नसतील तर अध्यक्षांचा कोट जाईल. एका खुंट्यावर विल्फ्रेड यांचा जुना मेणकापडी कोट चढवायचा, वर त्यांची टोपी, बाहीत काठी, आणि दोरी पाण्यात. वरच्या पायवाटेवरून पाहणाऱ्याला फरक कळणार नाही, आणि खरा गळवाला तसाही हलत नाही. अध्यक्षांनी कोट दिला, काठी मात्र दुसऱ्या नंबरची दिली. दोरीला कथबर्ट यांनी एक बनावट माशीही बांधली, कारण मंडळाला फसवाफसवी मान्य नव्हती.

मग रोज पहाटे कथबर्ट आणि मी तो खुंटा नदीवर नेऊन उभा करू लागलो, आणि रोज जागा बदलू लागलो. पाऊस असो, पूर्वेचा वारा असो, आम्ही जात होतो. एवढ्या नियमितपणे मंडळाचं कोणी नदीवर गेल्याची नोंद नाही. एका पहाटे डोहात मासे इतके उसळत होते की पाणी उकळतंय असं वाटावं. कथबर्ट थबकले आणि म्हणाले, “काय सकाळ आहे. इथे कोणीतरी गळ घेऊन यायला हवं होतं.” आम्ही थोडा वेळ हळहळलो, खुंटा सरळ केला आणि घरी गेलो.

अध्यक्षांच्या कोटाची कीर्ती हां हां म्हणता पसरली. मिस फेरंड यांनी पोस्टात चौकशी केली की तो गृहस्थ कोण, किती तन्मय असतो, सुप्रभात म्हटलं तरी मान वर करत नाही. पबमध्ये जाणते लोक त्याच्या उभं राहण्याच्या ढबीची तारीफ करू लागले.

एनिड यांनी मात्र तो कोट पहिल्याच दिवशी ओळखला. त्याच्या कोपरावरचं ठिगळ त्यांनीच लावलेलं होतं. त्या कोणाला काही बोलल्या नाहीत. पोहून झालं की अंगाला टॉवेल गुंडाळून त्या कोटाशेजारच्या दगडावर बसत आणि थर्मासमधला चहा घेत. एके दिवशी त्या अशा बसल्या असताना काठी वाकली. दोरी प्रवाहात सोडलेली होती, माशी आपली आपण वाहत होती, आणि लिंडमधल्या एका निरागस ट्राउटने ती घेतली. एनिड यांनी बाहीतून काठी काढून मासा ओढून काढला.

तो मासा ओटच्या पिठात घोळून, बेकनबरोबर तळून त्यांनी नवऱ्यापुढे ठेवला. हे सगळं मला विल्फ्रेड यांनीच नंतर सांगितलं.

“हा कोणी दिला?” त्यांनी विचारलं.

“तूच धरलास,” एनिड म्हणाल्या. “म्हणजे तुझ्या कोटाने. मी नुसता ओढला. खा, गार होईल.”

विल्फ्रेड यांनी खाल्ला. खाता खाता त्यांनी विचारलं की माशी कोणती होती. एनिड म्हणाल्या की मला काय कळतंय, तपकिरी पिसाची होती, पोटाशी जरा केशरी. विल्फ्रेड यांनी हातातला काटा-चमचा खाली ठेवला. लिंडमध्ये केशरी माशीला मासा लागूच शकत नाही, असं ते पबमध्ये वर्षानुवर्षं सिद्ध करत आले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही खुंटा घेऊन पोचलो तर काठावर अध्यक्ष उभे. त्यांनी खुंट्यावरचा कोट काढून अंगात घातला, टोपी घातली, काठी घेतली.

“अध्यक्ष, आज वारा पूर्वेचा आहे,” कथबर्ट यांनी लक्षात आणून दिलं.

“असू दे,” विल्फ्रेड म्हणाले. या उद्गाराला मंडळाच्या इतिहासात तोड नाही.

तेवढ्यात बदकिणींचा आवाज आला म्हणून आम्ही दोघं खुंट्यासकट झुडपात शिरलो, आणि मग बाहेर पडता येईना. बायका पोहून गेल्या. एनिड मागे राहिल्या, नेहमीच्या दगडावर येऊन बसल्या, आणि नदीकडे बघत बोलायला लागल्या. त्या कोटाशी रोज बोलत असाव्यात.

त्या म्हणाल्या, कालचा मासा त्याला आवडला. बोलला नाही, पण काटेसुद्धा चोखले. मग म्हणाल्या, “पूर्वी मी दर शुक्रवारी सँडविच करून ठेवायचे. त्याला शनिवारी नदीवर न्यायला. शनिवारी दुपारी ती आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसून खायचो. मग मी करायची सोडली. वाटलं होतं, का सोडली म्हणून एकदा तरी विचारेल.”

विल्फ्रेड यांनी मान वळवली नाही.

“राग नव्हता रे. कंटाळा आला होता. म्हणून मीच आले नदीवर. पाणी इतकं गार होतं की पहिल्या दिवशी रडूच आलं. दुसऱ्या दिवशी परत आले.”

त्यांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि हात वर केला. “घे. कोट कधी थरथरत नाही, विल्फ.”

विल्फ्रेड यांनी चहा घेतला. मग ते म्हणाले, “मला भीती वाटायची.”

“कशाची?”

“सगळे म्हणतात मी खोऱ्यात सगळ्यात चांगला. गेलो आणि काहीच लागलं नाही तर?”

“तर रिकाम्या हाताने घरी आला असतास,” एनिड म्हणाल्या. “घरी मीच होते ना.”

(झुडपात फुलोऱ्याची धूळ फार असल्याने कथबर्ट यांच्या डोळ्यांना पाणी आलं, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. मे महिन्यात असं होतं.)

त्या सकाळी विल्फ्रेड यांना काहीही लागलं नाही. दोघं चालत घरी गेले.

महिनाअखेर गावाच्या सभागृहात मिस फेरंड यांनी निर्णय सांगितला. त्या म्हणाल्या की मंडळाचे एक सभासद पहिल्या आठवड्यानंतर ऊन-पावसाची पर्वा न करता रोज हजर होते, त्याबद्दल कौतुक. तेव्हा विल्फ्रेड उठले आणि म्हणाले की शेवटच्या आठवड्यात मी होतो, त्याआधीचा खुंटा होता. आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या.

“ते मला दुसऱ्याच दिवशी कळलं,” मिस फेरंड म्हणाल्या. “माझ्या कुत्र्याने त्या गृहस्थांवर पाय वर केला, आणि ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, मंडळाची तशी रीत असेल.”

नदीचा भाडेपट्टा बदकिणींना मिळाला. त्यांच्या अध्यक्षा एनिड आउथ्वेट यांनी उदार मनाने सकाळी नऊनंतर गळ टाकण्याची परवानगी आम्हाला दिली, आणि नदीबद्दल बोलण्याचे सर्व हक्क मंडळाकडे पूर्ववत राहिले. महत्त्वाचं तेच होतं. त्या रात्री पबमध्ये आम्ही हा विजय साजरा केला.

विल्फ्रेड यांना मात्र अध्यक्षपद सोडावं लागलं. ते आता रोज नदीवर जातात, कधी धरून आणतात, बहुधा हात हलवत येतात, आणि कशी होती सकाळ म्हणून विचारलं तर “छान” एवढंच सांगतात. अशा माणसाकडून मंडळाला काय मार्गदर्शन मिळणार? एके काळचा एवढा जाणकार. आम्हाला वाईट वाटतं.

नवे अध्यक्ष कथबर्ट यांनी सूत्रं हाती घेताच घटनेत एक दुरुस्ती केली. तिच्यानुसार मासे धरण्याविषयी वाचणं हेही मासे धरणंच समजलं जाईल, म्हणजे कोणी पुन्हा विचारलं तर आकडा चांगला दिसेल. तेव्हा वाचक, मी आपलंही नाव आजच्या हजेरीत घेतलं आहे; आपण आज नदीवर जाऊन आलात. आता हे वाचायला बसण्याआधी आपण ज्या कामासाठी उठणार होता, ते उद्या करा. आज तसंही हवामान ठीक दिसत नाही.