दुप्पट भावाची भाकर

ज्वारी विकली, पैसे घेतले, विषय संपला. जगात असंच चालतं. आमच्या मुंजाजीमामाचं तसं नव्हतं. ज्वारी विकल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी हा माणूस गिऱ्हाइकाच्या दारात ऐन जेवणाच्या वेळी हजर व्हायचा आणि घरच्या बाईला सांगायचा, "एक भाकर टाक माय. बगू दे, माज्या ज्वारीचं काय करायलीस."

मी तेव्हा ताडकळसला शाळेवर मास्तर होतो. डोकं माझंही तापट, त्यामुळे आमचं जमणं शक्यच नव्हतं.

बाजारच्या दिवशी मामा लिंबाखाली एकच पोतं घेऊन बसायचा. गावरान ज्वारी, नुसत्या शेणखतावर पिकवलेली, युरियाचा दाणा नाही. भाव मात्र बाजाराच्या दुप्पट. आणि मिजास अशी, की गिऱ्हाइकाने ज्वारी पारखायची नाही, मामा गिऱ्हाईक पारखणार. पहिला सवाल ठरलेला, "खानार कोन?" मग दळण कुठल्या गिरणीत, भाकर थापणार कोण, सगळी उलटतपासणी. एका कारकुनाने डॉक्टरने सांगितलंय म्हणून घेतो असं म्हटलं, तर मामाने पोत्याचं तोंडच बांधलं. औषदाच्या दुकानात जावा, म्हणाला. दुसऱ्या एकाने भावात घासाघीस केली, त्याला हाताला धरून हायब्रीडच्या ढिगापाशी नेऊन उभं केलं.

मला हे सगळं ढोंग वाटायचं. शेण काय सोन्याचं असतं का? दुप्पट कशाचे? मी एकदा तोंडावर विचारलं, की मामा, गिळल्यावर पोटाला काय कळतंय गावरान का हायब्रीड.

"पोट येडं हाय मास्तर," तो म्हणाला. "जिभीला इचारा."

आमच्या हिने जिभेला विचारलं आणि माझा घात झाला. हिचं म्हणणं, हायब्रीडची भाकर थापतानाच चिरते आणि दुपारपर्यंत तिचा पापड होतो. मामाच्या ज्वारीची सकाळची भाकर दिवेलागणीलाही मऊ. ते खरं होतं, म्हणून मला जास्तच राग यायचा.

बरं, एवढे पैसे मोजून वर ही तपासणी. मामा उंबऱ्यात बसायचा. कालवण नको, मीठ नको, ठेचासुद्धा नको. कोरडी भाकर, डोळे मिटून, एकेक तुकडा. शेवटचा तुकडा गिळला की दोष काढायला सुरुवात. पीठ शिळं हाय. तवा नीट तापला न्हवता. मी आतल्या आत धुमसायचो.

ते नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. एकदा बंदमुळे एसट्या जागच्या जागी उभ्या होत्या. वाटलं, आज तरी सुटलो. मामा दोन कोस चालत आला. उंबऱ्यात बसला, भाकर मागितली, आणि माझा तोल गेला. विकलेल्या मालावर तुमचा कसला हक्क, असं मी त्याला खडसावून विचारलं.

"लेक दिल्याली हाय मास्तर," तो भाकर मोडत म्हणाला. "बगाय येनारच."

"एवढी लाडाची लेक, तर घरीच ठेवायची होती."

मामा एरवी शब्दाला शब्द देणारा. त्या दिवशी मात्र अर्धी भाकर ताटात ठेवून उठला आणि चालायला लागला. हिने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

पुढचे दोन बाजार मामाने मला ज्वारी दिली नाही. भरल्या पोत्यावर हात ठेवून खुशाल "सरली" म्हणायचा. शेवटी हिच्या धाकाने मी सायकल काढली आणि त्याचं शेत गाठलं.

शेतभर कमरेएवढी हायब्रीड. बांधाच्या कडेला तेवढा एक तुकडा गावरान, माणसाच्या डोक्यावर हातभर उंच. आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यापाशी, छपराखाली मामा आणि त्याचा लेक जेवत होते. मी मामाच्या हातातली भाकर पाहिली. कडेनं चिरलेली, कडक. ती पाण्यात बुडवून तो कशीबशी गिळत होता. हायब्रीडची. माझ्या डोक्यात सणक गेली. लोकांना दुप्पट भावाने शहाणपण शिकवायचं, आणि घरी हे?

तुमची ज्वारी कुठाय, म्हणून मी ओरडलोच.

मामाने पुढचा तुकडा पाण्यात बुडवला. सांगितलं ते लेकाने. सरळ माणूस होता, आडपडदा नव्हता. म्हणाला, हायब्रेट दुपटीनं पिकती, आन् घरात खाणारी नऊ तोंडं. म्हणून बापाशी एकच बोली केली होती. तो तुकडा तुमी तुमच्या मनानं करा, पण पैसे हायब्रेटइतके आले पायजेत.

"ज्या साली कमी पडतील, त्या साली तितंबी हायब्रेट," लेक म्हणाला. "म्हनून बाबा घरी एक पायलीबी ठिवत न्हाईत. समदी बाजारात."

म्हणजे दुप्पट भाव हा असा होता. आणि स्वतःच्या ज्वारीची चव या माणसाला मिळत होती ती फक्त आमच्यासारख्यांच्या उंबऱ्यात. त्या उंबऱ्यातून मी त्याला अर्ध्या भाकरीवर उठवलं होतं. लेकावर चिडावं, तर तो चुकत नव्हता. मग मी माझ्यावरच चिडलो, आणि ते सगळं पुन्हा मामावर काढलं.

"कशाला आलाव?" मामा गुरगुरला. "भाव कमी व्हनार न्हाई."

भाव विचारलाय कोणी, मी म्हणालो. नेहमी दोन पायल्या नेतो, आज तीन द्या.

मामाने मान वर केली. "तिसरी खानार कोन?"

"तुम्ही," मी खेकसलो. "आणि आता अर्धी भाकर टाकून उठलात तर याद राखा."

मामा उठला. पोतं सोडलं, माप भरलं. दोन पायल्या झाल्या, तिसरीही शीग लावून भरली. तिचे पैसेही दुप्पटच घेतले. ते घ्यायलाच हवे होते. मग माझ्याकडे पाठ करून पोत्याचं तोंड बांधत म्हणाला, "बाईला सांगा, तवा नीट तापवाय."