परब हेडमास्तरांचा रडण्याचा तास

वालावलच्या आमच्या शाळेत शनिवारी मुलं घरी गेली, की मास्तर लोक रडायला बसत.

हेडमास्तर परबांचा तसा हुकूमच होता. कोल्हापूरला महिनाभर बालमानसशास्त्राचं ट्रेनिंग घेऊन आल्यापासून त्यांना एकच ध्यास लागला होता: मूल गप्प झालं, तर मास्तरला ते कळलं पाहिजे. म्हणून आमच्यातल्या एकाने मूल व्हायचं आणि बाकीच्यांनी त्याचं दुखणं ओळखायचं.

संस्कृतचे जोशी गुरुजी चांगलेच अंगापिंडाने भरलेले. ते कसेबसे चौथीच्या बाकात शिरले आणि घाबरलेली मुलगी म्हणून असे हुंदके देऊ लागले, की शिपाई पाणी घेऊन धावला.

"काय झाला हिका?" परबांनी विचारलं.

"जंत," ड्रिलचे सावंत म्हणाले. त्यांचं निदान नेहमी जंतच असे.

"अरे, पोटात दुखता म्हणजे खंय दुखता?" हे परबांचं पालुपद. "पोटात की मनात?"

"बाकात," जोशी कण्हले. तिघांनी ओढून त्यांना बाहेर काढलं.

मी नवीन मास्तर. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. परबांनी पाठ थोपटली, "बरो रडतंस रे!"

त्याच सहामाहीत सातवीतल्या शेवंताचं पोट रोज दुखू लागलं. सावंतांनी एरंडेल पाजलं, तरी दुखेच. मग माझ्या लक्षात आलं, की शाळा भरताना ती हसतखेळत असते, दुखतं ते शाळा सुटताना. मी धावत जाऊन परबांना सांगितलं. त्यांनी मला मिठीच मारली.

घंटा झाल्यावर ते तिच्या शेजारी बाकावर बसले. काही विचारलं नाही. शेवटी तीच म्हणाली, "घराक ताई नाय."

ताई लग्न होऊन कुणकेश्वरला गेली होती. घरात या पोरीशी बोलणारं कुणी उरलं नव्हतं.

"मगे दुखतलाच गो," परब म्हणाले. रविवारी वडलांना गाठून त्यांनी तिला आठ दिवस ताईकडे धाडायला लावलं. परत आली ती बडबडतच.

"हे सगळं कोल्हापुरात शिकवतात?" एका संध्याकाळी बरोबर घरी जाताना मी विचारलं.

परब थांबले. "नाय रे. माझो धाकटो भाव असोच गप्प झालो. तेचो मास्तर मीच. माका वाटला, हट्टी आसा. मारलंय तेका."

"मग?"

"अजून बोलाक नाय. घराकच असता. पण माका उशीर झालो, तर दारात येऊन उभो रवता."

एवढं बोलून ते झपाझप चालू लागले.