बंगल्यातला वारा

पोंभुर्ण्याजवळच्या सागवान लागवडीचा इंग्रजांच्या काळातला बंगला डागडुजी करून १९८६च्या उन्हाळ्यात लोकांना पाहायला उघडला, तेव्हा गिरजाबाईने मुलाकडे, देवरावकडे, हट्टच धरला. तिचा बाप झिंगू तिथे वेठीवर साहेबाचा पंखा ओढायचा. पंखा म्हणजे छताला टांगलेली लांब कापडी झालर. तिची दोरी भिंतीच्या भोकातून मागच्या पडवीत यायची. झिंगूने जन्मभर दोरी ओढली. पंखा पाहिला नाही. त्याला आत मज्जाव होता.

"बाबानं नाई पाह्यला. मले तरी पाहू दे," ती म्हणाली.

समोरच्या पायऱ्यांशी गिरजाबाईने चपला काढल्या आणि बापाने लहानपणी शिकवल्याप्रमाणे वळसा घालून मागे गेली. मागचं दार बंद होतं. ती पडवीत टेकली. माय बायांबरोबर पुढे गेली असेल, असं समजून देवराव गर्दीतून आत शिरला.

आत रखवालदार श्रावण साहेबाची थोरवी सांगत होता. पंखा नुसता दाखवायचा आहे, असं तो म्हणाला आणि झालर हलली. श्रावण दचकला, पण इतक्या लोकांपुढे दचकून चालणार नव्हतं. मशीन बसवली आहे, असं त्याने ठोकून दिलं. घामेजलेले लोक पाळीपाळीने साहेबाच्या खुर्चीत बसू लागले. देवरावने आपल्या पाळीला खांद्यावरचा दुपट्टा खुर्चीच्या हातावर टाकला, पाय ताणले.

"जरा जोरात होऊ द्या न," तो मोठ्याने म्हणाला.

श्रावणने भिंतीवर उगाच बटण चाचपलं. पंखा खरंच जोरात हलू लागला.

दुपारी बंगला बंद झाला, तरी मायचा पत्ता नव्हता. देवराव घाबरला. श्रावणला घेऊन शोधत मागे आला. गिरजाबाई घामाने निथळत होती. हातात दोरी होती, तळवे सोलले होते.

"माय, हे काऊन करून राह्यली?"

"दोरी लोंबत होती. बाबा इथीच बसे. म्हटलं, ओढून पाहू. तं आतून कोनी साहेब म्हणला, जोरात होऊ द्या. मंग कशी सोडू?"

श्रावणने बंगल्याचं कुलूप काढलं.

गिरजाबाई आत आली. थांबलेल्या पंख्याकडे तिने बराच वेळ पाहिलं. मग खालच्या खुर्चीकडे. सकाळी तिनेच धुऊन दिलेला दुपट्टा तिथे राहिला होता. तिने तो उचलला, नीट घडी घातली आणि दोन्ही हातांनी देवरावपुढे केला.

"घ्या साहेब, तुमचा दुपट्टा."