हरभऱ्याएवढा टवका

वामनरावांनी आपण होऊन लाल गाडीची चाबी जावयाच्या हातात ठेवली, तेव्हाच भागवतला शंका यायला हवी होती. पण एकदा मान मिळाला की जावई विचार करत नाही. लग्नाला सहा वर्षं झाली, तरी त्या गाडीच्या दाराला हात लावायची सोय नव्हती. आणि या खेपेला मेहकरहून निघताना सासरे स्वतः म्हणाले, "घेऊन जा जावईबापू, चार दिवस फिरवा. फक्त धुवू नका. धुळीनं काई बिघडत नाई."

गाडी खरी सासूबाईंची. आशाबाई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या आणि त्यांनी ती हौसेनं घेतली. शाळेत त्यांच्यासमोर कोणाची खोकायची हिंमत नव्हती. वामनराव तर घरातलेच.

चौथ्या दिवशी आपल्या गावी, उंद्रीला, भागवतच्या मनात आलं, गाडी चकचकीत करून परत दिली, तर पुढच्या महिन्यात जळगाव जामोदच्या लग्नालाही मिळेल. सगळ्या भाऊबंदांदेखत गाडीतून उतरायचं, हे त्याचं केव्हाचं ठरलेलं होतं. त्यानं बादली भरली, मागच्या दारावर ओलं फडकं फिरवलं, आणि फडकं लाल झालं.

"छाया! वो छाया! गाडीचा रंग निंघून राह्यला!"

बायको धावत आली. दारावर हरभऱ्याएवढा टवका, आतला राखी थर उघडा पडलेला.

"घासणीनं घासलं काय?"

"बनियनचं फडकं हाय बाप्पा! जुनं, मऊ!"

"आता आई काई सोडत नाई तुमाले. ती आधीच कावलेली हाये. सकाळीच फोनवर म्हणे, देवघरातला कुंकवाचा करंडा आठ दिवसांत रिकामा होते. बाबा आजकाल लय देव-देव करून राह्यले."

भागवतला सासऱ्यांच्या भक्तीचं काय! गाडी संध्याकाळी परत द्यायची होती. मग त्याला गोठ्यातला डबा आठवला. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला लाल ऑइलपेंट. शिंगांवर वर्षभर टिकतो, तर दारावर का टिकणार नाही?

टवका बुजला. पण भोवतीच्या लालात नवा लाल उठून दिसू लागला. कडा मिळवायला भागवतनं पॉलिश पेपर मारला, तर हरभऱ्याची पुरी झाली. पुरी रंगवली, पुन्हा कडा घासल्या, आणि तिची भाकरी झाली.

"आता झूल टाका अन् घुंगरं बांधा," छाया म्हणाली.

"हासतं काऊन वो! इथं मायी इज्जत जाऊन राह्यली!" भागवतला खरंच रडू येत होतं. तेवढ्यात त्याला सासऱ्यांचं वाक्य आठवलं. धुळीनं काई बिघडत नाई! त्यानं गाडी पांदीच्या रस्त्यानं दोनदा पळवून आणली. ओल्या रंगावर धूळ अशी छान बसली की भाकरी दिसेनाशी झाली.

मेहकरला आशाबाई पोर्चमध्येच उभ्या होत्या, मागे वामनराव.

"हे काय हो, भागवतराव? गाडी का रानडुक्कर? अहो, आणा बरं पाण्याची बादली!"

"नका!" भागवत ओरडला.

"नको!" वामनरावही ओरडले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"म्हंजे, मी धुतो ना," वामनराव सावरून म्हणाले. "तू जाय, जावयाले च्या ठेव."

आशाबाई आत गेल्या. वामनराव घाईनं मागच्या दाराशी बसले आणि बोटानं धूळ चाचपू लागले.

"जावईबापू, टवका कुठी गेला?"

"कोणता टवका, मामाजी?"

"मायाकडून गेटच्या कडीले लागला होता तो! दोन महिने झाले, रोज तेलात कुंकू कालवून लावून राह्यलो तिथं. चार दिवस गाडी घरी नसली तं तेवढंच कुंकू वाचते, म्हणून तं देल्ली तुमाले!"

"अन् मी दिवसभर जीव मुठीत धरून..." भागवतचा आवाज चढला.

"हळू बोला!" वामनरावांनी नखानं उन्हात वाळलेला रंग खरवडून पाहिला. निघेना. त्यांचा चेहरा उजळला. "पक्का हाय! काय लावलं?"

"पोळ्याचा रंग."

आतून आशाबाईंचा आवाज आला, "अहो! परवाच भरलेला करंडा, पुन्हा रिकामा कसा?"

भागवतनं सासऱ्यांकडे पाहिलं. गाडी तर चार दिवस उंद्रीला होती.

वामनरावांनी मान खाली घातली आणि चाबी गुपचूप त्याच्या खिशात सरकवली.

"लग्नाले खुशाल घेऊन जा. फक्त तो डबा आणजा. तुमच्या सासूबाईच्या लाल स्कुटीले बी एक टवका हाये."