चाकं चंदेरी ठेवण्याची पद्धत

माणसाच्या प्रगतीचा इतिहास चाकापासून सुरू होतो, हे सर्वमान्य आहे. ते चाक थांबवायचं कसं, हा प्रश्न पुढच्या पहिल्याच उतारावर पडला असणार, हेही उघड आहे. पण थांबणारं चाक काळं का पडतं, याचा गांभीर्याने विचार व्हायला एका दातांच्या डॉक्टरांना गाडी घ्यावी लागली.

गाडीला चार चाकं होती (हे प्रमाण योग्यच म्हणावं लागेल) आणि प्रत्येक चाकाला दहा चंदेरी आरे. आठवडाभरात दहाच्या दहा आरे काजळी धरल्यासारखे झाले. गॅरेजवाल्याने समजावलं की ब्रेक दाबला की पॅड झिजतो, त्याची भुकटी उडते आणि चाकावर बसते. सगळ्यांच्याच बसते, मनाला लावून घेऊ नका. डॉक्टरांनी मनाला लावून घेतलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या फटी साफ केलेल्या माणसाच्या स्वतःच्याच फटी काळ्या राहाव्यात, हे त्यांना पटेना.

पद्धत सुरुवातीला साधी होती. रोज सकाळी दवाखान्यात जाण्याआधी डॉक्टर बादली घेऊन चाकापाशी बसत. मऊ ब्रश, कापसाचे बोळे आणि दांडीवरचा तो छोटा गोल आरसा. एरवी पेशंटच्या अक्कलदाढेपर्यंत जाणारा हा आरसा आता आऱ्यांच्या पाठीमागे जाऊ लागला. (आरसा निर्जंतुक केला जाई. जाताना आणि येताना.) निघालेली भुकटी ते टाकून देत नसत. चार चाकांची चार काचेच्या बाटल्यांत साठवत आणि रोज संध्याकाळी उजेडात धरून बघत. कुठली भुकटी कुठल्या चाकाची, हे त्यांना नुसत्या रंगावरून ओळखता येई. पुढच्या डाव्याची तपकिरीकडे झुकणारी, मागच्या डाव्याची जरा निळसर. घरी आलेल्यांना ते हा फरक दाखवत. घरी आलेले लवकर उठत.

याच सुमारास त्यांच्या मुलीचा, गुंडीचा, पहिला दात हलू लागला (खालचा, पुढचा, डावीकडचा). गुंडीचं सगळं आधीच ठरलं होतं. तिच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना "आ कर" म्हणणारा बाबा आता तिला म्हणणार, आरसा घालून बघणार, आणि दात पडला की तो घेऊन सगळे गाडीतून आजीकडे जाणार. बाबाने हे कबूल केलेलं होतं. म्हणून ती रोज सकाळी जिभेने दात ढकलत चाकापाशी येऊन बसे.

"बाबा, बघ ना, हलतोय."

"आलोच. एवढं चाक होऊ दे."

चाकं चार असल्यामुळे हे वाक्य एका सकाळी चार वेळा वापरता येई.

किडलेला दात भरण्यापेक्षा तो किडू न देणं बरं, अशी डॉक्टरांची व्यावसायिक श्रद्धा होती. तिला धरून त्यांनी भुकटीच्या मुळावरच घाव घालायचं ठरवलं, म्हणजे ब्रेक न दाबण्याचं. ब्रेकच्या प्रसंगांचे तीन वर्ग पाडण्यात आले: अटळ (माणूस आडवा आला), टाळण्याजोगे (ओळखीचा माणूस आडवा आला) आणि कौटुंबिक (बायको "अहो!" म्हणाली). तिसरा वर्ग तत्काळ रद्द झाला. आता गाडी जिथे चढावर आपोआप दमेल, तिथेच उतरायचं. बायकोने आपल्या बहिणीला फोनवर सांगितलं की हल्ली भाजी कुठे चांगली मिळते यावर नाही, गाडी कुठे दम टाकते यावर आमचा स्वयंपाक ठरतो.

परिणाम उत्साहवर्धक होते. ब्रेकचा वापर सत्तर टक्क्यांनी घटला, नातेवाईक चाळीस टक्क्यांनी. उतारावर राहणाऱ्यांशी येणंजाणं थांबलं आणि चढावर राहणाऱ्या एका दूरच्या चुलतमामांशी असा जिव्हाळा जडला की ते घर बदलायचा विचार करू लागले. आजी मात्र उताराच्या अगदी तळाशी राहायची. यात तिची काही चूक नव्हती, पण धोरण म्हणजे धोरण.

चांगली गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. कॉलनीत चक्रस्वच्छता मंडळ स्थापन झालं. निवृत्त पोस्टमास्तर अध्यक्ष झाले, कारण त्यांच्याकडे पांढरा रुमाल होता. येत्या रविवारी ते प्रत्येक चाकावरून रुमाल फिरवणार होते. ज्याच्या चाकांनी रुमाल पांढराच राहील, त्याला वर्षभर झाडाखालची सावलीतली जागा. डॉक्टरांनी त्या जागेवर आधीच झाडलोट सुरू केली.

आणि मंगळवारी संध्याकाळी मागच्या डाव्या चाकाच्या बाटलीत त्यांना एक खडा सापडला. तांदळाच्या दाण्याहून मोठा, टणक, भुकटीत लोळून काळा झालेला. डॉक्टरांनी तो चिमट्यात धरून सर्व बाजूंनी तपासला. निदान झालं. दुसऱ्या दिवशी तो गॅरेजवाल्यापुढे ठेवून ते म्हणाले की पॅडचा हा तुकडा पडलाय, माल बरोबर नाही. गॅरेजवाल्याने खडा बोटांत फिरवला, आणि गिऱ्हाइकाचं आधीच ठरलेलं असताना धंदेवाइकाच्या चेहऱ्यावर जी गंभीरता येते ती आणून म्हणाला, चारही बदलावे लागतील. बदलले. खडा पुरावा म्हणून पुन्हा बाटलीत गेला.

रविवारी डॉक्टरांनी गाडी हातांनी ढकलत मैदानात आणली (चालवली असती तर थांबवावी लागली असती). स्टिअरिंगवर बायको होती. पोस्टमास्तरांनी तीन चाकांवरून रुमाल फिरवला. पांढराशुभ्र. डॉक्टर बादली-ब्रश घेऊन शेवटच्या चाकापाशी उकिडवे बसले, तेवढ्यात गुंडी येऊन समोर उभी राहिली. ओठ घट्ट मिटलेले. मग ती हसली. तोंडातला दिसेल तो दात काळाकुट्ट.

"मागच्या डाव्याची," डॉक्टर म्हणाले. (पोटच्या मुलीचं तोंड काळं दिसल्यावर त्यांनी उच्चारलेले हे पहिले शब्द, याची नोंद असावी.)

"साफ कर ना," गुंडी म्हणाली.

तिचा विचार सरळ होता. काळं झालं की बाबा जवळ येऊन बसतो, घाई करत नाही, फटीफटीत बघतो. इतके दिवस तिने शेजारी बसून हे पाहिलं होतं.

डॉक्टरांनी हातातला ब्रश खाली ठेवला. मग म्हणाले, "आ कर."

गुंडीने एवढा मोठा आ केला की डोळे मिटले गेले. चाकाचा ब्रश मुलीच्या तोंडात घालण्याइतके डॉक्टर वाहवले नव्हते. त्यांनी हाताशी होता तो एकमेव स्वच्छ कपडा ओढला, पाण्यात बुडवला, आणि वरचे दात पुसले, मग खालचे. पुसता पुसता बोट एका खिंडीत घसरलं.

"हा कधी पडला?"

"मंगळवारी."

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं की. तू म्हणालास, एवढं चाक होऊ दे."

"मग कुठाय तो?"

"तुझ्या बाटलीत ठेवला. ती तू रोज बघतोस ना, म्हणून."

स्टिअरिंगवरून बायको वाकली. "अहो, म्हणजे तुम्ही गॅरेजवाल्याला जो दाखवलात…"

"हो."

"आणि त्याच्यावरून चारही पॅड…"

"हो म्हटलं ना."

तिने स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि हसायला लागली. कपाळ हॉर्नवर असल्यामुळे ती हसतेय हे चारही गल्ल्यांना कळलं.

पोस्टमास्तरांनी आपला रुमाल चिमटीत उचलला. तो काळा होता. नियमात चाकाचा काळा की दाताचा काळा असा भेद नव्हता, त्यामुळे डॉक्टर बाद झाले आणि सावलीची जागा खुद्द अध्यक्षांना मिळाली. त्यांची गाडी गेली कित्येक वर्षं विटांवर उभी आहे. चाकं घरात, चादरीत गुंडाळून.

डॉक्टरांनी बाटलीतून खडा काढला, धुतला आणि गुंडीच्या मुठीत दिला. मग गाडी उताराला लागली. प्रत्येक वळणावर ब्रेक लागला. वळण नव्हतं तिथेही लागला, कारण मागून "अजून एकदा" अशी मागणी येत होती. दारात पोचली तेव्हा गाडीची चारही चाकं काळी ठिक्कर होती. आजीने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ती गुंडीला म्हणाली, "आ कर बघू."

कथा इथे संपते. सुज्ञ वाचकांची एक छोटी परीक्षा तेवढी राहिली. चाकाला आरे किती होते? दहा. छान, सगळ्यांना आलं. आणि गुंडीचा दात कोणता पडला?

(वर दिलेलं आहे, पण शोधत बसू नका. मघापासून शेजारी कुणीतरी "बघ ना" म्हणतंय. त्याला तुम्ही काय उत्तर दिलंत, ते आम्हाला ऐकू आलं: "आलोच. एवढं पान होऊ दे.")