अप्पांच्या पुड्यांना खिडक्या

काशीनाथअप्पांच्या दुकानातली साखर घरी पोचेपर्यंत थोडी कमीच व्हायची. मापात खोट नव्हती. पुडीच्या कागदालाच खिडकी असायची.

लातूरच्या गोलाई बाजाराजवळ अप्पांचं किराणा दुकान होतं. रद्दी आली की आधी अप्पांच्या मांडीवर जायची. त्यातली चित्रकथा कात्रीने चौकोनी कापून निघायची आणि उरलेल्या कागदात आमची डाळ-साखर बांधली जायची. गिऱ्हाईक खोळंबलं तरी कापणं पुरं झाल्याशिवाय तराजूला हात नाही. "थांबा जरा, उंट विहिरीत पडून राहिलाय," म्हणायचे. रविवारच्या पुरवणीतल्या एका गोष्टीत बोलका उंट होता, त्याची त्यांना फार काळजी.

एकदा शेजारची बाई भांडायला आली. "अप्पा, तुरीची डाळ वाटभर पेरत गेले की मी!"

"मग पाऊस पडला की उगवंल. जा."

मी तहसील कचेरीत कारकून होतो. घरची रद्दी अप्पांना फुकट द्यायचो, म्हणून एकदा त्यांनी मला मागच्या खोलीत नेलं. पत्र्याच्या दोन पेट्या उघडल्या. आत नुसती कात्रणं. प्रत्येक गोष्टीची वेगळी जुडी, सुतळीने बांधलेली, मधे कडुलिंबाचा पाला. "गोष्ट पुरी झाल्याबिगर जुडी सोडायची न्हाई. मधीच तुटली की लई हुरहुर लागती," ते म्हणाले. मग हळूच, "कुणाला बोलू नका, साहेब. हसतील."

कोणाला हुरहुर लागते, ते मी विचारलं नाही.

मग दुष्काळ पडला. साखर मिळेना. अप्पा पेट्यांना कुलूप लावतात ही खबर कुठून तरी फुटली आणि पेट्यांत साखर दडवली आहे असं सगळे म्हणू लागले. एके दुपारी आमचे साहेब पंचनाम्याला निघाले. कागद लिहायला मी होतो. मागे निम्मी गल्ली.

"पेट्यांत काय आहे, कोणाला माहीत आहे का?" साहेबांनी विचारलं.

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी टाकाच्या टोकाकडे पाहत राहिलो. बोललो असतो तर व्यापाऱ्याने कारकुनाला खिशात घातलं म्हणाले असते. एवढंच कारण होतं. याहून मोठं असतं तर बरं झालं असतं.

पेट्या रस्त्यावर आणून पालथ्या केल्या. जुड्या सुटल्या, उन्हाळी वाऱ्यावर कात्रणं उडाली. कोणी ओरडलं, "अप्पा, तुमचा उंट पाणी शोधायला निघाला!" सगळे हसले. मीही हसलो.

लातुरात अजून सांगतात, की अप्पांच्या पेट्यांत कागदाखाली साखर सापडली होती. सापडली नव्हती. चिमूटभरही नाही. मी तिथे होतो.

दुसऱ्या दिवसापासून पुड्या धड कागदाच्या झाल्या. लोक खूश. मी मात्र दुसऱ्या दुकानी जाऊ लागलो.

पुढे लातूर जिल्हा झाला. त्या दिवशी गोलाईत गुलाल, हलग्या, अनोळखी माणसंही गळ्यात पडत होती. त्या धांदलीत मी पेढे घेऊन अप्पांकडे गेलो. दुसऱ्या कुठल्या दिवशी धीर झाला नसता.

दुकान बंद होतं. मागच्या खोलीतून आवाज आला.

"उंट पहारेकऱ्यापुढनं आत गेला आन म्हनला, राजेसाहेब, मला तहान न्हाई."

"आन पाठीवर काय हाय त्याच्या?"

"लाल झूल. आरसे लावलेत."

पेपरात चित्रं काळीपांढरी असायची. मी डोकावलो. बाजेवर अप्पांची बायको गंगव्वा बसली होती. ती कधी बाहेर का दिसत नाही, हे आम्हांपैकी कोणाच्या मनातही आलं नव्हतं. दोन्ही डोळ्यांत पांढरे पडदे. समोर अप्पा, आणि अप्पांच्या हातात काहीच नव्हतं. रस्त्यावर तुटलेली ती गोष्ट इतकी वर्षं ते मनानेच पुढे नेत होते.

त्यांनी मला पाहिलं.

"अप्पा, त्या दिवशी मी..."

"बसा," ते म्हणाले. "बरं झालं आलात. सगळ्यांचे आवाज काढून दम लागतो आता. पहारेकऱ्याचं तुम्ही बोला."

मी पेढ्यांचा पुडा धरून बसलो. त्याची सुतळी सोडली, पुन्हा बांधली.

गंगव्वाने मान वळवली. "पहारेकरी बोलंना कामून?"

"बोलंल," अप्पा म्हणाले. "त्याला जरा टाइम लागतो."