लांडग्याचा वाटा

टीव्हीवर केकचे पाच तुकडे झाले. अस्वलाला एक, सशाला एक, खारीला एक, कासवाला एक आणि बेडकाला एक. झाडामागून लांडग्याने डोकं बाहेर काढलं, ओठांवरून जीभ फिरवली आणि विचारलं, "आणि मला?" सगळे प्राणी पोट धरधरून हसले. अस्वलाने "वाटून खाल्लं की गोड लागतं" हे आपलं नेहमीचं वाक्य म्हटलं आणि 'टेकडीवरची मंडळी'चा त्या दिवशीचा भाग संपला.

"आज जमलाय," सोफ्यावर बसलेला लांडगा समाधानाने म्हणाला.

गेली चार वर्षं या कार्टूनमधल्या लांडग्याला तो आवाज देत होता. आवाज असा की शेजारची मुलं लिफ्टमध्ये त्याला पाहिलं की आईच्या मागे लपत. माणूस मात्र इतका गरीब की भाजीवाल्याने किडका टोमॅटो दिला तर त्यालाच धन्यवाद म्हणून येई. प्रत्येक भागात त्याला वाक्यं चार-पाचच असत, पण शेवटचं "आणि मला?" ठरलेलं. त्या दोन शब्दांवर त्याचा फार जीव होता. आंघोळीच्या वेळी तो ते चौदा तऱ्हांनी म्हणून बघे आणि बाहेरून बायको विचारी, "साबण संपला का?"

शेजारी त्याची सहा वर्षांची लेक मांडी घालून बसली होती. घरात तिला न्यायमूर्ती म्हणत, कारण तिच्यासमोर सफरचंद कापायचं म्हणजे मोजपट्टी घेऊनच बसावं लागे. न्यायमूर्तींच्या कपाळाला आठी पडली होती.

"बाबा, लांडग्याला केक का नाही दिला?"

"अगं, तो वाईट आहे ना."

"आज त्याने काय केलं?"

लांडग्याने आठवून पाहिलं. "आज... आज तसं काही नाही केलं. झाडामागे उभा होता."

"नुसता उभा?"

"नुसता उभा."

"मग वाटून खाल्लं कुठे? त्याला हसले पण." न्यायमूर्तींनी टीव्ही बंद केला. "हे बरोबर नाही."

लांडग्याने मदतीसाठी बायकोकडे पाहिलं. ती औषधांच्या दुकानात दिवसभर उभी राहून नुकतीच टेकली होती. "माझ्याकडे काय बघतोस? ती बरोबरच बोलतेय. चार वर्षांत माझ्याही लक्षात आलं नाही."

हे प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण गुरुवारी शाळेतली पाण्याची टाकी फुटली, शाळेला सुट्टी मिळाली, बायकोचं दुकान काही बंद ठेवता येईना आणि लांडग्याचं नेमकं रेकॉर्डिंग. शेवटी न्यायमूर्तींना स्कूटरवर पुढे उभं करून तो स्टुडिओत घेऊन गेला.

स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या आणि मधे जाड काच. काचेच्या अलीकडे दिग्दर्शिकाबाई आणि रेकॉर्डिंग करणारा बसत. बाईंना सगळे ताई म्हणत. रेकॉर्डिंग करणाऱ्याचं नाव 'एकदा अजून' पडलं होतं, कारण कितीही चांगलं बोललं तरी तो तेच म्हणे. काचेच्या पलीकडे मायक्रोफोन, एक स्टूल आणि भिंतीभर स्पंज. तिथे सुती कपडे घालून जायचं, बांगड्या काढून ठेवायच्या आणि आधी एक केळं खायचं, म्हणजे पोट गुरगुरत नाही, असे तिथले नियम होते. मुलीला नाश्ता भरवण्याच्या गडबडीत लांडग्याचं स्वतःचं केळं घरीच राहिलं होतं.

बाहेर चहाच्या टेबलाशी अस्वल बसलं होतं. अस्वल म्हणजे मंडळीतले सर्वांत ज्येष्ठ कलाकार. आवाज घागरीत बोलल्यासारखा, पोट त्याला साजेसं आणि कार्यक्रमातली निम्मी वाक्यं त्यांच्याच नावावर. बशीत चार बिस्किटं होती. "काय रे लांडग्या," म्हणत अस्वलाने तीन उचलली, क्षणभर विचार केला आणि चौथंही उचललं. "या वयात रिकाम्या पोटी बोलवत नाही."

न्यायमूर्तींनी हे सगळं पाहून ठेवलं. आपल्या खिशातलं अर्धं बिस्किट तिने मुठीत घट्ट धरलं.

ताईंच्या खोलीत खुर्ची नव्हती, म्हणून न्यायमूर्तींना आतल्या स्टुलावर बसवण्यात आलं. "अजिबात आवाज करायचा नाही," बाबाने बजावलं. "नाकानेसुद्धा नाही." तिने मान हलवली. लाल दिवा लागला.

"आणि मला?" लांडगा म्हणाला.

"अजून केविलवाणं," ताई म्हणाल्या. "तीन दिवस उपाशी आहात असं."

"एकदा अजून," एकदा अजून म्हणाला.

असं नऊ वेळा झालं. नवव्याला लांडग्याचं पोट गुरगुरलं आणि तो टेक वाया गेला. दहाव्या वेळी मात्र त्याला खरोखरच भूक लागली होती. समोरच्या पडद्यावर केक, काचेपलीकडच्या उघड्या दारातून दिसणारं अस्वल चौथं बिस्किट चहात बुडवतंय आणि आपल्याला सकाळपासून काही नाही. त्याच्या तोंडून जे "आणि मला?" निघालं, ते ऐकून ताईंनी हातातला कागद खाली ठेवला.

तेवढ्यात न्यायमूर्ती स्टुलावरून उतरल्या, मूठ उघडली आणि अर्धं बिस्किट पुढे करत म्हणाल्या, "घे ना. माझ्यातलं घे."

मग काय, सगळे हसले. लांडग्याने बिस्किट खाल्लं. त्याला भरून आलं होतं आणि ते लपवायला तो पाणी प्यायला. "हाच टेक ठेवायचा," ताई म्हणाल्या. "मागचा मुलीचा आवाज तेवढा काढून टाक." एकदा अजूनने आपल्या पद्धतीप्रमाणे पिवळ्या चिठ्ठीवर लिहिलं, 'दहावा घेणे. मुलगी काढणे,' आणि चिठ्ठी यंत्रावर चिकटवली. अस्वलाने आत येऊन चहाचा कप टेकवायला जागा शोधली, ती नेमकी त्या चिठ्ठीवर. कप उचलताना चिठ्ठी कपाच्या बुडाला चिकटून धुवायला गेली. दुसऱ्या दिवशी एकदा अजूनची दाढ ठणकली, तो रजेवर गेला आणि त्याच्या जागी आलेल्या माणसाला दहाव्या टेकवर 'उत्तम' एवढाच शेरा दिसला.

सोमवारी भाग दाखवला गेला. केकचे पाच तुकडे झाले. "आणि मला?" लांडग्याने विचारलं. आणि चित्रात कोणाचंही तोंड हललेलं नसताना एक बारीक आवाज आला, "घे ना. माझ्यातलं घे." त्यावर, दर आठवड्याला हसतात तसे, सगळे प्राणी पोट धरधरून हसले.

घरोघरची मुलं ताठ बसली. लांडग्याला हसले तोवर ठीक होतं, त्याची सवय होती. पण आपल्यातलं द्यायला निघालेल्या त्या मुलीला हसले? कोणी दूध प्यायला नकार दिला, कोणी सशाच्या चित्राची उशी खिडकीतून टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून वाहिनीच्या कचेरीत आईबापांचे फोन सुरू झाले. "ती कोण होती ते सांगा, आमचा मुलगा जेवत नाहीये." एका आजोबांनी तर पत्र पाठवलं की काळजी आणि न्याय शिकवणाऱ्या कार्यक्रमात असं राक्षसी हसणं शोभत नाही, विशेषतः अस्वलाचं.

गुरुवारी संध्याकाळी ताईंचा फोन आला. "उद्या दहाला या. मोठे साहेब येणार आहेत. मुलीलाही आणा."

 चार वर्षांचा लांडगा गेला, असंच बाबाने धरलं. सकाळी स्कूटरवर त्याने लेकीला पढवलं, "आत गेल्यावर सॉरी म्हणायचं."

"कशाबद्दल? दिलं म्हणून?"

"नाही गं, बोललीस म्हणून."

"न बोलता कसं देणार? तुला कळलंच नसतं."

लांडग्याने स्कूटरचा वेग वाढवला.

मोठ्या साहेबांनी मात्र सॉरी मागितलंच नाही. त्यांच्यापुढे पत्रांचा ढीग होता आणि चेहरा लॉटरी लागल्यासारखा. "चार वर्षांत एवढी पत्रं आली नव्हती. मुलांना ही मुलगी हवीय. चित्रात ती का नव्हती, तेवढं जुळवा."

कोपऱ्यात बसलेला कार्यक्रमाचा लेखक पटकन म्हणाला, "बिळात होती. साळिंदराचं पिल्लू. बाहेर यायला लाजत होती."

अशा रीतीने साळू जन्माला आली आणि न्यायमूर्तींना दर शनिवारचं काम मिळालं. पुढच्या भागात साळू बिळातून बाहेर आली, तिने सगळ्यांना हसल्याबद्दल खडसावलं आणि केकचे सात तुकडे झाले. लांडग्याला त्याच्या आयुष्यातला पहिला केक मिळाला. घरोघरी टाळ्या वाजल्या. सोफ्यावर बसलेल्या लांडग्यानेही वाजवल्या.

घोटाळा त्यानंतर त्याच्या लक्षात आला. केक मिळाल्यावर "आणि मला?" कशाला विचारायचं? वाक्य गेलं. लांडगा सज्जन झाला, तेव्हा त्याची कटकारस्थानंही गेली आणि त्यांची वाक्यंही गेली. आता तो चित्रात एका बाजूला बसून केक चघळायचा, आणि चघळल्याचा आवाज स्टुडिओत आधीच साठवून ठेवलेला होता. "तुम्हाला उगाच त्रास नको," ताई प्रेमाने म्हणाल्या. "तुम्ही फक्त तिला वेळेवर आणत जा."

तो आणत गेला. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात केळं. पूर्वी दारावरचा रखवालदार "या लांडगेसाहेब" म्हणून कडक सलाम ठोके, तो आता "साळूचे बाबा ना? बसा तिकडे" म्हणू लागला. लिफ्टमधली मुलं त्याला भिईनाशी झाली. एकाने तर दयेने तोंडातली अर्धी चोखलेली गोळी काढून त्याच्यापुढे धरली. लेकीचा त्याला अभिमान होता, अगदी मनापासून होता, पण काचेच्या बाहेर बसून तिची वाक्यं ऐकताना त्याचे ओठ आपोआप हलत आणि मग त्याला स्वतःचीच कीव येई. आंघोळीच्या वेळी आता नुसत्या पाण्याचा आवाज यायचा. बायकोने एकदा दार वाजवून विचारलं, "अरे, बोल की काहीतरी." त्याने नळ आणखी मोठा सोडला.

त्या शनिवारी लाल दिवा लागला, तरी साळू बोलेना.

"काय झालं गं?" ताईंनी विचारलं.

न्यायमूर्तींनी कागद काचेला लावून दाखवला. वाक्यांवर पेन्सिलीने आकडे घातले होते. "माझी अकरा. बाबांचं एकपण नाही. हे बरोबर नाही."

"अगं, लांडगा आता चांगला झाला ना. चांगल्या माणसाला बोलायला काय असतं?"

"तो चांगला माझ्यामुळे झाला. आपली वाक्यं जातील हे त्याला माहीत असतं तर तो झालाच नसता." मग बाहेर बसलेल्या बापाकडे वळून ती म्हणाली, "बाबा, आत ये. माझ्यातली घे. पाच तुला, पाच मला. अकरावं अर्धं-अर्धं."

"नको गं," लांडगा म्हणाला. पण तोवर तो उठलाही होता आणि दारापर्यंत पोचलाही होता.

न्यायमूर्तींनी वाटणी अगदी काटेकोर केली, एक सोडून एक. त्यात कुठलं वाक्य कोणाचं, ते पाहण्याच्या भानगडीत ती पडली नाही. त्यामुळे लांडग्याने आपल्या गडगडाटी आवाजात पहिलं वाक्य म्हटलं, "आई, मला अंधाराची भीती वाटते." तिसरं म्हटलं, "माझे काटे कोणाला टोचले का?" एकदा अजून हसता हसता खुर्चीवरून घसरला. ताई डोळे पुसत फोनवर मोठ्या साहेबांना सांगत होत्या, "नाही सर, लांडगा चांगला झालाय, पण अंधाराला भितोय. हो, मुलांना आवडेल. हो, दर भागात."

लेखकाने तिथेच बसून पुढचा भाग नव्याने लिहिला. लांडग्याला चौदा वाक्यं आली. कार्यक्रम मात्र लांबायला तयार नव्हता, तेव्हा कुठून तरी चौदा वाक्यं काढणं भाग होतं, आणि ती जिथे सर्वांत जास्त होती तिथूनच निघाली.

नवे कागद चहाच्या टेबलावर वाटले गेले. अस्वलाने एक पान उलटलं, दुसरं उलटलं, मग मागे काही छापलंय का ते पाहिलं. बिस्किटांची बशी समोर भरलेली असूनही त्यांनी हात लावला नाही. ते उठले, काचेच्या दारात येऊन उभे राहिले आणि घागरीतला तो आवाज इतका लहान झाला की आधी कोणी ओळखलाच नाही.

"आणि मला?"

 लांडग्याने त्यांच्याकडे पाहिलं. चौदा तऱ्हांपैकी ही एकही नव्हती, आणि ही सगळ्यांत खरी होती, हे त्याला कारागीर म्हणून मान्य करावंच लागलं. त्याने हातातलं केळं सोलून मधोमध मोडलं, लेकीला दाखवून दोन्ही तुकडे सारखे असल्याची खात्री करून घेतली आणि एक पुढे केला.

"घ्या ना. माझ्यातलं घ्या."

स्पीकर खरखरला. "छान," एकदा अजून म्हणाला. "एकदा अजून घेऊ."